विहिरीवरची हिरवी टिकली

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशी नाही. एकदा शिंगणापूरला शनीच्या चौथऱ्यापुढं उभी असताना अगदी ओठांवर आलं होतं— पण तिथंही मी मुलाच्या दहावीचं मागितलं आणि प्रसाद घेऊन परत आले. म्हणजे बघा, देवापुढंसुद्धा काय सांगायचं आणि काय गाळायचं ते मी निवडून घेतलं. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. तुमच्यापुढं मला चांगलं दिसायचं नाही— छे, हेही खोटं. आत्ता लिहितानासुद्धा वाक्य जरा बरं जुळावं, तुम्हाला माझी थोडी कीव यावी, असं आतून वाटतंच आहे. याचीच मला शिसारी येते.

मी शिक्षिका आहे. पाथर्डी तालुक्यात, तिसगावच्या अलीकडं एका गावात माध्यमिक शाळा आहे, तिथं विज्ञान आणि पर्यावरण शिकवते. सासर त्याच गावातलं. गोष्ट बऱ्याच वर्षांपूर्वीची. तेव्हा जिल्ह्याचं नाव अहमदनगर होतं, आता अहिल्यानगर झालं. आम्ही तेव्हाही नगरच म्हणायचो, अजूनही नगरच म्हणतो.

नववीच्या पुस्तकात पाण्याच्या प्रदूषणाचा धडा होता. त्यात सगळं लांबचं— लांबच्या नद्या, लांबची शहरं, लांबचे कारखाने. पोरं पाठ करायची, परीक्षेत उतरवायची आणि मोकळी व्हायची. मला वाटलं, आपल्या गावचं पाणी मोजू. खरंच वाटलं— एवढं तरी मी स्वतःच्या बाजूनं म्हणू शकते— कुणी पाठ थोपटावी म्हणून नव्हतं सुरू केलं. पोरांनी सोलाला, म्हणजे पाणी काढायच्या दोराला, गाठी मारून विहिरींची खोली मोजली. तेलाचा डबा कापून पावसाचं माप केलं. ‘मॅडम, आमच्या हिरीला सोलच पुरंना!’ असं ओरडत यायची. वर्ग इतका जागा झालेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

मग आरोग्य केंद्रातून पाणी तपासायच्या छोट्या काचेच्या बाटल्या मिळाल्या. साधी गोष्ट असते. बाटलीत औषध असतं, त्यात पाणी भरायचं, झाकण लावून उबदार जागी ठेवायचं. पाण्यात शेणातले, विष्ठेतले जंतू असतील तर दोन दिवसांत ते काळं पडतं. काळंभोर. आणि झाकण उघडलं तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. पाणी चांगलं असेल तर काही होत नाही. एका मोठ्या कागदावर आम्ही गावाचा नकाशा काढला होता. ज्या विहिरीचं, बोअरचं किंवा नळाचं पाणी काळं पडेल तिथं लाल टिकली लावायची, नाही पडलं तर हिरवी. टिकल्या मुलींनी घरून आणल्या होत्या, कपाळाच्या.

मी वर्गात सांगायचे, आकड्यांना कुणाचं घर कळत नाही. वाक्य मला फार आवडायचं. फळ्यावर लिहून ठेवलं होतं.

वर्गात शीतल नावाची मुलगी होती. बौद्ध वस्तीतली. फार हुशार वगैरे नव्हती, उगाच तसं रंगवणार नाही. गणितात काठावर पास व्हायची, अक्षर गिचमिड, आणि तास चालू असताना तोंडात चिंच. हसायची एवढ्या मोठ्यानं की शेजारच्या वर्गातले सर येऊन बघून जायचे. पण या कामात तिला गोडी लागली होती. बाकीच्यांनी सांगितलेल्या ठिकाणचं पाणी आणलं आणि थांबले. ही थांबली नाही. वस्तीच्या विहिरीचं पाणी काळं पडलं, तर ही विचारत बसली की कशामुळं? मीच शिकवलं होतं ना— घाण कुठून येते ते शोधायचं असेल तर वरचं पाणी घ्या, खालचं पाणी घ्या, दोन्ही ताडून बघा. ती एकटीच ओढ्यानं वर चालत गेली. पावसाळा होता, ओढ्याला पाणी होतं. जागोजागी बाटल्या भरत गेली.

त्या ओढ्याच्या काठावर आमचा गोठा आहे.

आता ते सांगावं लागेल. आमच्या गोठ्यात संकरित गाई, दूध सगळं डेअरीला जातं. गोठ्यामागं शेणाचा खड्डा होता. पावसाळ्यात तो भरून वाहायचा. शेण, मूत, गोठा धुतलेलं पाणी, सगळ्याचा हिरवट-काळा राडा उतारानं ओढ्यात जायचा, आणि ओढ्याच्या कडेला, खालच्या अंगाला वस्तीची विहीर. गावाला नळ होता, पण वस्तीपर्यंत त्याचं पाणी आलं तर यायचं. ते लोक विहिरीचंच प्यायचे. मी रोज त्या खड्ड्याच्या कडेनं पदर नाकाला लावून शाळेत जायचे. दिसत नव्हतं का मला? दिसत होतं. ते पाणी पुढं कुठं जातं, एवढं मात्र मी बघत नव्हते. प्रदूषणाचा धडा काखेत मारून मी प्रदूषणाच्या कडेनं चालत जात होते, आणि माझं लक्ष कुठं होतं— तर चपलेला शेण लागू नये याकडं.

शीतलनं भर वर्गात बाटल्या मांडल्या. एका ओळीत. खिडकीतून ऊन येत होतं, त्यात त्या नीट दिसत होत्या. वरच्या स्वच्छ. मग एकदम काळ्या.

‘मॅडम, गोठ्याच्या वरलं पानी साफ हाय,’ ती म्हणाली. ‘खाली आलं की काळं. हिरीपर्यंत काळंच.’

कुणाचा गोठा, हे तिनं म्हटलं नाही. गरज नव्हती. पोरं माझ्याकडं बघायला लागली. शीतलही बघत होती, पण तिच्या नजरेत आरोप नव्हता. हे मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलंय. ती खुश होती. मॅडमनी सांगितलेलं जमलं, म्हणून खुश होती. शाबासकीची वाट बघत होती.

आणि मी काय म्हणाले?

मी म्हणाले, ‘पाणी कशात आणलंस?’ ती म्हणाली, ‘घरच्या बाटल्यांत, धुऊन.’ मी म्हणाले, ‘घरच्या म्हणजे? तुमच्या घरात त्या बाटल्यांना काय काय हात लागत असतील, ठाऊक आहे का? आधी स्वच्छता शिका. मग दुसऱ्यांचे गोठे तपासा.’

जातीचं नाव मी घेतलं नाही. घ्यावं लागत नाही. ‘तुमच्या घरात’ एवढं म्हटलं की पुरतं. वर्गातल्या एकूणएक पोराला कळलं. मागच्या बाकावरचा एक जण फिसकन हसला, मी त्याला गप्प केलं नाही. शीतलच्या तोंडात चिंच होती. ती तिनं हळूच हातात काढून घेतली आणि मुठीत धरून उभी राहिली.

तुम्ही म्हणाल, रागात तोंडून गेलं असेल. मीही स्वतःला तेच सांगत होते. पण सगळीच पोरं घरच्या बाटल्या आणत होती. सरपंचांच्या पुतण्यानं तर दारूच्या बाटलीत पाणी आणलं होतं, आणि मी हसून ते घेतलं होतं. कुणाच्या घरात कसले हात लागतात हे मी एकालाही विचारलं नव्हतं. त्या मुलीलाच विचारलं. आमच्या गोठ्याकडं बोट दाखवलं गेलं याचा राग होता, आहेच. पण ते कुणाचं बोट होतं, याचा राग जास्त होता. मला हे तेव्हा कळत नव्हतं असं लिहायचा मोह होतोय. कळत होतं.

एवढंच असतं तर हे कदाचित सांगितलंही नसतं. असे शब्द गावोगाव रोज बोलले जातात, बोलणारे विसरून जातात. मीही विसरले असते— काय घाणेरडी गोष्ट आहे ही, पण विसरले असते. मी त्यापुढं जे केलं ते कुणी पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी शीतल स्टाफरूमच्या दारात आली. डोळे सुजलेले होते, पण आवाज सरळ. ‘मॅडम, परत करू. तुमच्या बाटल्यांत भरू. तुमी बरूबर या.’ मी काय म्हणणार होते? नाही म्हणायला कारण नव्हतं. उलट मी वर्गापुढं तिचं कौतुकच केलं— शास्त्र असंच असतं, शंका आली की परत मोजायचं. शाळेच्या बाटल्या मी स्वतः उकळत्या पाण्यातून काढल्या. चार-पाच पोरं घेऊन ओढ्यावर गेले. तीच जागा, तेच वळण. आमच्या गोठ्याखाली पोरांनी नाकं दाबली, मीही दाबलं. वस्तीच्या विहिरीवर शीतलच्या आईनं पोहरा टाकून पाणी काढून दिलं. ‘घ्या मॅडम, चांगलं तपासा,’ म्हणाली. सगळ्या बाटल्या आणून मी प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवल्या. मधली सुट्टी झाली. पोरं डबे खायला गेली.

माझ्या पर्समध्ये पाणी शुद्ध करायचं औषध होतं. आशाताई घरोघर वाटतात ती छोटी प्लॅस्टिकची बाटली. सकाळी घरातून निघताना मी ती उचलली होती. का उचलली, हे उचलताना मला माहीत होतं. खालच्या अंगाच्या बाटल्यांमध्ये मी ते थेंब टाकले. झाकणं लावली, हलवल्या, होत्या तशा ठेवल्या. मग बाहेर येऊन मराठीच्या बाईंच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी खाल्ली. चांगली झालीय म्हणाले. मध्ये कुठं थांबले का? नाही. हेच तर मला सहन होत नाही. चटणी मी परत मागून घेतली.

सुट्टी संपल्यावर पोरांनी त्या बाटल्यांतलं पाणी तपासणीच्या बाटल्यांत ओतलं. शीतल विहिरीचं ओतत होती. ओतता ओतता थांबली. बाटली नाकापाशी नेली.

‘मॅडम, ह्याला वास येतुय.’

‘कसला?’

‘नळाच्या पान्यासारखा. औषदाचा.’

‘प्रयोगशाळा आहे ही,’ मी म्हणाले. ‘इथं औषधांचाच वास येणार.’

तिनं माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही. मग झाकण लावलं.

दोन दिवसांनी सगळ्या बाटल्या स्वच्छ निघाल्या. मी त्यावर पूर्ण तास घेतला. मोजमापात चूक कशी शिरते, नमुना कसा घ्यावा, एका निकालावर उड्या का मारू नयेत. चांगला तास झाला, खोटं सांगत नाही, त्या वर्षीचा सगळ्यात चांगला तास असेल. शेवटी मी शीतलला पुढं बोलावलं. म्हटलं, चूक आपण केली की आपणच दुरुस्त करायची. तिनं नखानं वस्तीच्या विहिरीवरची लाल टिकली खरवडून काढली. कागदाचा थोडा पापुद्रा निघाला. त्यावर तिनं हिरवी टिकली लावली आणि अंगठ्यानं दाबली. मी टाळ्या वाजवायला लावल्या.

नकाशा तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात गेला, तिथून नगरला. परीक्षकांनी विशेष करून फेरतपासणीचं कौतुक केलं. बक्षीस मिळालं. मुख्याध्यापकांच्या खोलीत अजून तो फोटो आहे— मी, ढाल, नकाशा. शीतल फोटोत नाही. ती नगरला आलीच नव्हती. ‘आजीला बरं न्हाई,’ म्हणाली.

दिवाळीनंतर वस्तीत कावीळ आली.

आधी दोन-तीन घरांत, मग बऱ्याच घरांत. शीतलचा भाऊ पिवळा पडला, पण उठला. तिची वहिनी पोटुशी होती, दिवस बरेच भरत आले होते. तिला झाली. आणि मी काय केलं सांगू? मी जनजागृती फेरी काढली. ‘पाणी उकळून प्या’, ‘हात स्वच्छ धुवा’— पोरांच्या हातांत फलक, पुढं मी. वस्तीत समाजमंदिरापुढं बायकांना जमवून मी त्यांना साबणानं हात कसे धुवायचे ते करून दाखवलं. त्या बघत होत्या. त्यांच्यातल्या निम्म्या आमच्याच शेतात खुरपायला येतात. एक फलक शीतलच्या हातात होता. मी दिलेला.

फेरी संपल्यावर शीतलच्या आईनं मला घरात बोलावलं. वहिनी आत भिंतीकडं तोंड करून झोपली होती. अंगावर गोधडी, बाहेर फक्त पाय दिसत होते, तळवे हळदीसारखे. शीतलच्या आईनं चहा केला, कपबशी धुऊन-पुसून माझ्यापुढं ठेवली. मी म्हणाले, ‘आज माझा उपास आहे.’

उपास नव्हता. त्या विहिरीत काय आहे हे त्या घरात फक्त मला माहीत होतं, म्हणून मी चहा प्याले नाही. पण चहा तर उकळलेला असतो ना? उकळल्यावर जंतू मरतात, हे तासाभरापूर्वी बाहेर मीच सांगून आले होते. मग मी पाण्याला भ्याले, की त्या कपाला? आजही मला सांगता येत नाही. शीतलच्या आईनं मात्र जे समजायचं ते समजून घेतलं. ‘राहू द्या, मॅडम,’ एवढं म्हणाली आणि कप उचलून आत नेला. शीतल दारात उभी होती.

वहिनीला नगरला सरकारी दवाखान्यात नेलं. ती वाचली. बाळ राहिलं नाही.

यावर मी काय विचार केला, ते ऐका. मी विचार केला— पुरावा काय? कावीळ कशानंही होते. बाहेर कुठं काही खाल्लं असेल. लग्नात पाणी प्याले असतील. दोन गोष्टी एकामागून एक घडल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही— हेही मी वर्गात शिकवते, हाच नियम, याच शब्दांत. तो मी स्वतःला घडाघडा म्हणून दाखवला. आणि तो खरा आहे, हीच तर मोठी सोय आहे. आमच्या खड्ड्यामुळंच ते झालं, असं मी आज सिद्ध करू शकत नाही. करता आलं असतं. आमच्याकडं आकडे होते. एका मुलीनं ओढा तुडवून आणलेले, एका ओळीत मांडलेले. ते मी पुसून टाकले आणि मग पुरावा नाही म्हणून सुटले.

आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो खड्डा? तो हलवायला किती त्रास पडला असेल असं वाटतं तुम्हाला? मी जेवता जेवता नवऱ्याला म्हटलं, ‘अहो, त्या खड्ड्यामुळं डास फार झालेत, पलीकडं मळ्यात घेता येईल का?’ ते म्हणाले, ‘घेऊ की.’ बास. आठवड्याभरात जेसीबी आला, खड्डा वरच्या रानात गेला, जुना बुजला. मुरमाचा बांध घातला. सासऱ्यांनी ब्र काढला नाही. उलट खत जवळ पडतं म्हणून त्यांना बरंच वाटलं. वस्तीतल्या लोकांनी नवऱ्याला सांगितलं, भाऊ, बरं केलं तुमी. ह्यांनी घरी येऊन मला कौतुकानं ते सांगितलं.

घरात कुणी मला दम दिला नव्हता. कुणी म्हटलं नव्हतं, झाकून टाक म्हणून. मी घाबरले होते ते मनातल्या मनात रचलेल्या एका भांडणाला. ते भांडण कधी होणारच नव्हतं. शीतलनं बाटल्या मांडल्या त्याच संध्याकाळी मी जेवताना तेच एक वाक्य बोलले असते, तर दिवाळीच्या आधी खड्डा हलला असता. एक वाक्य. तेसुद्धा डासांचं खोटं कारण सांगून चाललं असतं. हे आठवलं की मला जेवण जात नाही. पश्चात्ताप म्हणजे मऊ, रडवेलं काहीतरी असेल, असं मला वाटायचं. मला तसं होत नाही. मला किळस येते. माझ्या आवाजाची, माझ्या नीटनेटक्या साडीची, खडूच्या धुळीनं पांढऱ्या झालेल्या बोटांची.

शीतल दहावी झाली. विज्ञान घेतलं नाही. तिच्या मनात होतं का घ्यायचं, ते मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. त्या नववीनंतर ती माझ्या तासाला बसायची, उत्तरं द्यायची, सगळं व्यवस्थित. मोठ्यानं हसणं तेवढं बंद झालं होतं. शेजारच्या वर्गातल्या सरांनीच एकदा म्हटलं, तुमचा वर्ग हल्ली फार शांत असतो. मी म्हणाले, शिस्त लावलीय.

दोन-एक वर्षांपूर्वी तिसगावच्या बाजारात ती भेटली. मी मेथी घेत होते. मागून हाक आली, ‘मॅडम!’ कडेवर छोटी मुलगी, डोक्याला रुमाल बांधलेली. पाथर्डीला कापडाच्या दुकानात काम करते म्हणाली. नवरा टेम्पो चालवतो. ‘ह्या माज्या मॅडम,’ असं लेकीला सांगितलं. तिला माझ्या पाया पडायला लावत होती, मीच मागं सरले. वहिनीचं विचारायचं धाडस झालं नाही. तीच म्हणाली, ‘वहिनीला मागून दोन पोरं झाली. बरी हाय.’ म्हणजे मी काय विचारत नाहीये, तेही तिला कळलं होतं.

मग म्हणाली, ‘मॅडम, आजून करता का पोरांकडून पान्याचं?’

‘हो,’ मी म्हणाले. ‘दर वर्षी.’

‘बरंय.’ तिनं मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. ‘फकस्त बाटल्या पोरांपाशीच ऱ्हाऊ देत जा.’

रागानं नाही म्हणाली. एखादी बाई दुसरीला सांगते ना, दूध मंद आचेवर ठेवत जा, तसं म्हणाली. आणि गेली. मेथीची जुडी माझ्या हातात तशीच. तिथं, त्या गर्दीत, तिच्यामागं चार पावलं टाकून मला खरं काय ते सांगता आलं असतं. मेथीवाली म्हणाली, ‘बाई, घ्यायची का ठिवायची?’ मी घेतली.

तुम्हाला वाटेल, यानंतर तरी काही बदललं असेल. म्हणून उरलेलंही सांगते, कारण सगळ्यात घाण तेच आहे.

त्या बक्षिसानंतर माझं नाव झालं. खरी आकडेवारी हाताळायला देऊन पर्यावरण कसं शिकवावं, हे इतर शिक्षकांना सांगायला मला बोलावतात. तालुक्यातालुक्यांत जाते. आणि प्रत्येक प्रशिक्षणात मी एक किस्सा सांगते. एक मुलगी होती, नाव सांगत नाही— इथं मी जरा थांबते, लोक पुढं सरकतात— तिनं घरून अस्वच्छ बाटल्या आणल्या आणि अख्ख्या ओढ्याला दोषी ठरवलं. मग आम्ही तिला न दुखावता, फेरतपासणी करून, तिची चूक तिच्याच हातानं कशी दुरुस्त करून घेतली. लोक हसतात. लिहून घेतात. तिसगावच्या बाजारानंतरही मी तो किस्सा सांगितला. एकदा नाही, जिथं बोलावलं तिथं. आता तो इतका घोटला गेलाय की सांगताना मला मध्ये अडखळायलाही होत नाही. कुठं हसू येतं, कुठं शांतता पसरते, सगळं पाठ आहे.

परवा संगमनेरला होते. कॉलेजच्या हॉलमध्ये प्रशिक्षण, पंखे जोरात, जेवणानंतरची वेळ. लोक पेंगत होते, म्हणून मी तो किस्सा काढला. हसले. जागे झाले. मी पुढं जाणार तेवढ्यात मागच्या रांगेतून एका नव्यानं लागलेल्या शिक्षिकेनं हात वर केला. अगदी तरुण, ओळखपत्र उलटं लटकलेलं. इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

‘मॅडम, त्या मुलीचं पुढं काय झालं?’

हॉलमध्ये सगळे माझ्याकडं बघत होते. तोंड उघडायला मला वेळ लागला नाही.

‘छान झालं तिचं,’ मी म्हणाले. ‘सायन्स घेतलं. आता पाणी तपासायच्या लॅबमध्येच असते ती. भेटली की म्हणते, मॅडम, तुमच्यामुळं.’

टाळ्या पडल्या. त्या शिक्षिकेनंही वाजवल्या, मनापासून. मी हसून मान लववली आणि पुढची स्लाइड लावली.